निवांत म्हणणारा सर्व्हर

आमच्या उमरग्यात कुणालाही विचारा, काय चाललंय? उत्तर एकच, निवांत. डोक्यावर कामाचा डोंगर असला तरी माणूस निवांतच म्हणणार. या शब्दानं मला एकदा चांगलंच गोत्यात आणलं.

पुण्याची नोकरी सोडून मी गावी आलो होतो आणि इथल्या एका दवाखान्यासाठी फोनवरून नंबर लावायची सोय करून दिली होती. बाजाराच्या दिवशी ती हमखास अडकायची. फोनवर नुसतं चाक फिरायचं, वैतागलेले पेशंट खिडकीशी यायचे आणि कंपाउंडरमामा एकटे सगळ्यांना तोंड द्यायचे. शेवटी डॉक्टरबाईंनी सांगितलं, पुढच्या बाजारालाही असंच झालं तर आपली वहीच बरी. गावातलं माझं पहिलंच काम, आणि तेच हातचं जाणार.

सर्व्हरकडं बघावं तर प्रोसेसरचा वापर पंचवीस टक्के. म्हणजे निवांत! दोन दिवस मी दवाखान्याच्या वायफायला शिव्या घातल्या. मग ट्यूब पेटली. मशीनला हात चार, म्हणजे चार कोअर, पण माझा प्रोग्रॅम राबत होता एकाच हातानं. तो पुरता गुंतला तरी चौघांत मिळून आकडा पंचवीसच दिसणार. प्रोग्रॅमला विचारायला हवं होतं ते वेगळंच: कामाची वाट बघत तू किती वेळ रिकामा होतास? ते मोजलं आणि कपाळावर हात मारला. गर्दीच्या तासाभरात रिकामा वेळ जवळजवळ शून्य.

कारण मीच. इकडं शेवटी अप्पा लागलेली नावं जो तो आपल्या मनानं लिहितो, कुणी जोडून, कुणी तोडून. एकच पेशंट दोनदा नोंदला जाऊ नये म्हणून प्रत्येक नंबरामागं मी सगळ्या जुन्या पेशंटांची नावं ताडून बघत होतो आणि तोवर बाकीचे खोळंबून. ते ताडणं मी वेगळ्या प्रोग्रॅमकडं दिलं, सवडीनं करायला.

पुढच्या बाजाराला मी स्वतःच खिडकीशी उभा राहिलो. नंबर भराभर लागत होते. दुपारी डॉक्टरबाईंनी वही कपाटात टाकली आणि माझा जीव भांड्यात पडला. मामांना विचारलं, कसं काय? ते म्हणाले, निवांत. इतके दिवस एवढंच ऐकून मी पुढं जात होतो, लाजच वाटली.

"मामा, सकाळपासून किती वेळ बसलात?"

त्यांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "आज दोनदा बसलो बघा. एरवी बाजारादिवशी बसतच न्हाय मी."