न वाचलेली ओळ

मेहकरच्या एका लॅबमध्ये मी कॉम्प्युटरचं काम करायचो. प्रोग्रॅमिंग शिकलो ते मोबाइलवरचे व्हिडिओ बघून, म्हणजे अर्धंमुर्धं. ऐट मात्र पुरेपूर.

लॅबनं डोणगावात मूत्रपिंडाच्या तपासणीचं शिबिर घेतलं. लोकांना सांगितलं होतं, काही निघालं तर फोन करू. फोन आला नाही तर सगळं ठीक समजा. कुणाला फोन करायचा ती यादी माझी स्क्रिप्ट, म्हणजे मी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, काढणार होती, प्रत्येकाचं वय आणि रक्ताचा रिपोर्ट बघून.

स्क्रिप्ट मध्येच थांबली. स्क्रीनवर इंग्रजीच्या लाल ओळी. खरं कारण शेवटच्या ओळीत असतं, हे मला ठाऊक होतं. पण लाल रंग दिसला की चारचौघांत कुणी चूक काढल्यासारखं माझं डोकं फिरायचं. त्यात डॉक्टर यादी मागत होते. मी काही वाचलं नाही. अडलं तर ती नोंद सोडून पुढे जा, असं स्क्रिप्टमध्ये लिहून टाकलं. यादी झटक्यात तयार झाली. डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली.

तीन-चार महिन्यांनी डोणगावची एक बाई वडिलांचा शिबिरातला रिपोर्ट मागायला आली. वडिलांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आधी कळलं असतं तर औषधांवर भागलं असतं, असं दवाखान्यात तिला सांगितलं होतं.

"तुमीच म्हणलं होतं, फोन आला तं या," ती म्हणाली. "फोन नाही आला. मंग आमी बाबाले कामाले जाऊ देलं."

मी रिपोर्ट काढला. तो वाईटच होता. वयाच्या रकान्यात लिहिलं होतं, साठ-पासष्ट. आमच्याकडे म्हातारी माणसं वय असंच सांगतात, आणि शिबिरात कुणीतरी ते जसंच्या तसं टाइप केलं होतं. अडलेली नोंद सोडून द्यायची सूट मी काढून टाकली आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. ती तिथेच थांबली. या वेळी शेवटची ओळ वाचली. ‘साठ-पासष्ट’चा आकडा करता येत नाही, एवढंच ती सांगत होती.

फोन काऊन नाही आला, असं बाईनं विचारलं. मशीन बिघडली होती, मी म्हणालो.

ती म्हणाली, "जाऊ द्या. मशीनच हाये ते. तुमी काय करसान?"

मला स्वतःची किळस आली. तरी मी मान हलवली आणि रिपोर्ट छापून तिच्या हातात दिला.