पाहुण्यांसाठी थांबलेला राब

पानशेत धरणाच्या वरच्या अंगाला, डांबरी रस्ता संपून पायवाट डोंगराला भिडते तिथल्या वाडीत अंबूबाई राहते. वय विचारलं तर म्हणते, "धरण फुटलं तवा म्या आईच्या पोटात हुते." म्हणजे आता चौसष्टीच्या घरात. सासरची भाताची खाचरं तिच्या लग्नाआधीच पाण्याखाली गेली होती. वाट्याला आला तो नुसता उतार. त्या उतारावर तिनं आणि नवऱ्यानं पहार-कुदळ घेऊन एक सपाट तुकडा काढला, पंगतीला वीस पानं मांडता येतील एवढा. पुढे नवरा गेला, मुलगी मंगल भोरला नांदायला गेली, पण त्या तुकड्यावर दरसाल राब भाजायचा कधी चुकला नाही.

राब म्हणजे नाचणीची रोपं वाढवायची जागा भाजून काढायची. खाली शेणाचा थर, त्यावर हिवाळ्यात तोडून वाळवलेल्या फांद्या, त्यावर पातेरा, म्हणजे वाळका पाचोळा, नि गवत, सगळ्यात वर चाळलेली माती. पावसाआधी हे सारं पेटवायचं, तेही वाऱ्याच्या विरुद्ध अंगानं, म्हणजे आग चालत जाते, पळत नाही. तण मरतं, माती भुसभुशीत होते. राब भाजला नाही तर रोप नाही आणि रोप नाही तर वर्षाची भाकरी नाही. त्यासाठी चार महिने डोक्यावरून भारे वाहायचे. तालीम चार महिने आणि प्रयोग एकाच दुपारचा, असं हे काम.

यंदा राब रचून झाला आणि सरपंच कुंडलिक विराज नावाच्या तरुणाला घेऊन दारात उभा राहिला. विराजच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि बूट इतके पांढरे की अंबूबाईला त्याला अंगणात ये म्हणवेना.

"नानी, राब पेटवू नगंस," कुंडलिक म्हणाला. "पुण्यात जगातल्या समद्या देशांची परिषद भरनार हाय, पैशापान्याची. त्यातली मानसं आपली वाडी बघाया येनारेत."

"येऊ देत की. राब काय वाघ हाय व्हय, खायाला?"

"आजी, प्रश्न धुराचा आहे," विराज म्हणाला. "जी गावं शेतात काही जाळत नाहीत त्यांच्यासाठी परदेशातून निधी येणार आहे. नमुना म्हणून आपली वाडी निवडलीय. आठच दिवस थांबा."

"आन वळीव पडला म्हंजी? भिजला राब की पेटत न्हाई, साहेब."

विराजनं मोबाईल पुढे केला. त्यात दहाही दिवस सूर्य हसत होता.

अंबूबाई थांबली. पाहुण्यासाठी थांबायची तिला खोडच होती. पूर्वी जत्रेला नाटकाची मंडळी यायची, तेव्हा राणीचं काम करणाऱ्या बाप्याला तिनं घरातली एकुलती एक बाज दिली होती आणि स्वतः गोठ्यात निजली होती. आलेलं माणूस थकून आलेलं असतं, एवढंच तिला ठाऊक.

पण आठाचे पंधरा झाले, पंधराचे बावीस. परिषद दोनदा पुढे गेली. दुपार कलली की तोरण्याच्या बाजूला आभाळ काळवंडू लागलं. अंबूबाईनं राबावर जुना प्लास्टिकचा कागद अंथरला. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी विराजच्या माणसांनी तो काढून नेला. फोटोत वाईट दिसतो म्हणे.

पाहुणे आले. बत्तीस गाड्या, वर एक ट्रक, ट्रकवर जनरेटर. पांढरा मांडव पडला, कोपऱ्याकोपऱ्यात कूलर लागले. जनरेटरच्या नळकांड्यातून डांबरासारखा काळा धूर निघून थेट अंबूबाईच्या आंब्यात शिरत होता, आणि त्याच्याच खाली फलक होता, 'धूरमुक्त वाडी'. एकाही शहाण्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. अंबूबाईला नव्या नऊवारीत मांडवाच्या दाराशी बसवलं होतं. येणारे जाणारे तिच्या शेजारी वाकून फोटो काढून घेत होते. तिच्याशी बोललं कोणी नाही.

शेवटच्या रांगेतला एक काटकुळा, काळासावळा माणूस तेवढा उठून राबाकडे गेला. त्यानं कोट सावरत उकिडवं बसून मातीत बोटं खुपसली, आतलं शेणाचं खांड काढून मोडलं आणि नाकाशी नेलं. अंबूबाई तरातरा त्याच्यापाशी पोचली. मागोमाग शेफाली आली. पाहुण्यांचं बोलणं मराठीत सांगायला तिला आणलं होतं.

"कधी पेटवणार, विचारतायत," शेफाली म्हणाली. "आणि इथे वारा कुठून येतो?"

अंबूबाईनं त्याची मातीनं भरलेली बोटं पाहिली. "तुमच्यात बी भाजत्यात?"

त्याची आई भाजायची. आता कोणी भाजत नाही. तो एका चिमुकल्या देशाच्या अर्थखात्यात सचिव होता. आपले दोन जिल्हे जोडले की त्याचा देश भरतो, असं शेफालीनं सांगितलं. मग तो बोलत गेला आणि ती सांगत गेली. वीस वर्षांपूर्वी त्यांना कर्ज हवं होतं. अशाच एका परिषदेत अट पडली की डोंगरावर हलकं धान्य कशाला, गुलाब लावा आणि विमानानं परदेशी पाठवा. लोकांनी लावले. राब बंद झाले, घरचं बी संपलं. पुढे दुसऱ्या परिषदेत ठरलं की विमानानं येणारी फुलं हवेला वाईट, ती घेऊ नका. आता शेतात काचघरांचे सांगाडे उभे आहेत आणि खायचं पीठ बोटीनं येतं.

"कर्जाच्या त्या पहिल्या कागदावर सही यांचीच होती म्हणतायत," शेफाली हळूच म्हणाली.

"आन तरी ह्यो हितं आलाय?"

"नाही आलं तर पुढचा हप्ता मिळत नाही. यांना बोलायला तीन मिनिटं असतात. सगळ्यात शेवटी, जेवणं मांडल्यावर."

किडक्या धान्याच्या कणगीत हात जावा तसा अंबूबाईच्या अंगावर काटा आला. तिला त्या माणसाची शिसारी आली, मांडवाची आली आणि बावीस दिवस गप्प बसलेल्या स्वतःची त्याहून जास्त आली.

डोंगरामागे गडगडलं. ध्वनिक्षेपकावर विराज सांगत होता की हा डोंगर आज मोकळा श्वास घेतोय. अंबूबाईनं चिमूटभर माती उडवून वारा पाहिला, घरात गेली आणि चुलीतली पेटती गोवरी पत्र्यावर घेऊन आली.

कुंडलिक धावला. "नानी, वाडीचं नाक कापशील!"

"नाक हाय का रं तुला? मग त्या ट्रकावरल्या डब्याचा वास न्हाई आला त्यो?"

तिनं गोवरी टेकवली. पातेरा तडतडला आणि धुराचा लोट सरळ मांडवात घुसला. खोकत, डोळे पुसत सगळे उठले. विराज क्षणभर अडखळला. मग त्याचा आवाज चढला, "आणि आता पाहुण्यांसाठी, आपल्या पूर्वजांची पारंपरिक अग्निपूजा!"

टाळ्या पडल्या. मोबाईल वर झाले. एका बाईनं तर अंबूबाईला जरा डावीकडे सरकायची खूण केली. जत्रेत पोटातून आलेल्या टाळ्या अंबूबाईनं ऐकल्या होत्या. या टाळ्या नुसत्या तळहातांच्या होत्या. ती खाली थुंकली आणि काठीनं आग चाळवू लागली.

पलीकडच्या कडेला तो सचिव ओली फांदी घेऊन उभा राहिला होता. आग बांधाबाहेर गेली की अचूक झोडपत होता. हात आईचाच होता त्याचा. तेवढ्यात शेफालीनं हाक मारली, त्याची तीन मिनिटं आली होती. त्यानं मांडवाकडे पाहिलं, अंबूबाईकडे पाहिलं, फांदी खाली ठेवली.

"जा बाबा, जा," अंबूबाई म्हणाली. "सई करून ये."

हे शेफालीनं त्याला सांगितलं नाही.

पाऊस आला तेव्हा तिसरा हिस्सा राब जळायचा राहिला होता. तो डोळ्यांदेखत भिजला. गाड्या एकमेकींना हॉर्न मारत उतारावरून पळाल्या. अंबूबाईनं हातानं चाचपून पाहिलं, वरची माती चिखल झाली होती आणि आतल्या फांद्या गार पडल्या होत्या. यंदा नाचणी दोन हिस्सेच, आणि उन्हाळ्यात मंगलकडे पदर पसरावा लागणार.

पाऊस उघडल्यावर कुंडलिक आला, खुशीत. "नानी, पावनं लई खूश! फुडच्या साली बी ह्योच कार्यक्रम ठेवा म्हनत्यात. तू फकस्त त्यांची तारीख येईस्तवर थांब."

"त्यास्नी सांग, फुडच्या साली चैतातच भाजून मोकळी व्हनार म्या," पदर पिळत अंबूबाई म्हणाली. "मग यावा म्हनावं. राखंत बसाया जागा लई हाय."