बंद पडलेली आणा

आमची मोटरसायकल धावता धावता अचानक मुकी होते आणि गॅरेजच्या दारात मात्र शहाण्या मुलीसारखी गुणगुणत राहते. आजही अन्वरभाईंनी प्लग पुसला, कार्बोरेटर उघडून फुंकला, इंजिन बराच वेळ चालू ठेवले. ते एकदाही अडखळले नाही.

"सर, बंद पडलेली आणा. चालत्या गाडीत काय शोधू?"

"बंद पडलेली आणायची कशी?" मी संकोचाने विचारले.

"ढकलत!"

"ह्यांना नका सांगू ढकलायला," माझी पत्नी हसून म्हणाली, "एका घरात दोन पेशंट होतील."

पहिली पेशंट ती स्वतः. तिला मधूनच भोवळ येते. डोळे उघडे असतात आणि त्यांत ती नसते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती सावरते, आणि सर्व तपासण्या निर्दोष येतात. "पुन्हा होईल तेव्हा आणा," असे डॉक्टर सकाळीच म्हणाले होते. जे दुखणे दाखवता येत नाही, त्यावर औषध तरी कुणी कसे द्यावे?

परतताना तिचा हात माझ्या खांद्यावर होता. तो जरा सैल झाला, की मी गाडीचा वेग कमी करत होतो. देवाकडे काही मागण्याची मला सवय नाही. तरीही मी मागितले, की हिला एकदा, एकदाच, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत भोवळ येऊ दे.

"काय हो, काय पुटपुटताय?" तिने मागून विचारले.

"गाडीला म्हणतोय," मी म्हणालो, "थांबू नकोस गं."