कोरडी खोली

वसईजवळ आचोळ्याला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. एका खोलीत आम्ही नवराबायको राहायचो, दुसरीत कॉम्प्युटर राहायचे. आम्हाला मूल झालं नाही, त्यामुळे त्या दुसऱ्या खोलीवर कोणाचा हक्क नाही असं नवऱ्याने धरलं होतं. तोंडावर मी त्याला अहोजाहो करायचे. लिहिताना करणार नाही.

आम्ही दोघंही पाचूबंदरचे कोळी. त्याच्या बापाची होडी होती, पण हा शिकला आणि मुंबईत एका ऑफिसात चिकटला. चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या सुमारास त्या ऑफिसने जुने कॉम्प्युटर काढून नवे आणले. जुने भंगारात जाणार होते. त्यातला एक त्याने साहेबाला विचारून टेम्पोत घातला आणि घरी आणला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची, बाकी काही नाही.

मी विचारलं, "याचं करायचं काय?"

"करायचं काही नाही. ठेवायचा."

मग दुसरा आला, तिसरा आला. चार वर्षांत सात झाले. नुसते ठेवून त्याचं भागत नसे. एकाची मेमरी काढून दुसऱ्याला लाव, फ्लॉपीचा ड्राइव्ह बदल, बाजारात हिंडून जास्त मोठी हार्डडिस्क शोधून आण. रविवार त्यातच जायचा. माझी शाळा चौथीपर्यंत, पण कुठला स्क्रू कुठला हे मला त्याच्याआधी कळायचं, कारण स्क्रू माझ्या वाटीत असायचे आणि टॉर्च माझ्या हातात. टॉर्च जरा हलला की म्हणायचा, "अगं, नीट धर. कोलंबी सोलत नाहीयेस."

कोलंबी सोलायला परवानगी होती. मासे तळायला नव्हती. तेलाचा धूर मशिनीच्या आतल्या सर्किटच्या पट्ट्यांवर बसतो, त्याला धूळ चिकटते, असं त्याचं म्हणणं. मी कोळ्याची लेक आणि कोळ्याची सून, स्टोव्ह घेऊन जिन्याखाली बोंबील तळायला बसायचे. वरच्या मजल्यावरची बाई उतरताना म्हणायची, "काय मावशी, घरातून हाकललं वाटतं?" मी सांगायचे, "आमच्या पाहुण्यांना वास चालत नाही." ती हसायची. मी हसत नसे.

वसईची हवा खारी. लोखंड ठेवलं की चार महिन्यांत गंजतं. म्हणून त्या खोलीचा थाट वेगळा होता. भिंतींना आतून ओल न येणारा रंग. खिडकीच्या फटींना टेप. चपलांच्या दुकानातून तो ओल शोषणाऱ्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या मागून आणायचा आणि प्रत्येक मशिनीत टाकायचा. मशिनींच्या फळ्यांखाली चाळीस वॉटचा एक दिवा रात्रंदिवस जळायचा, नुसता ऊब द्यायला. आमच्या खोलीत पावसाळ्यात पापड मऊ पडायचे. त्या खोलीत काडेपेटी पहिल्या काडीला पेटायची.

आणि पावसाळ्याआधी तो कॉम्प्युटर शाकारायचा. आमच्यात होड्या शाकारतात. पाऊस लागायच्या आत होडी ओढून वर घ्यायची, ताडपत्री आणि झावळ्यांनी बांधायची, ती नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावरच सोडायची. हा आयुष्यात कधी समुद्रावर गेला नाही, पण शाकारणं तेवढं बापाकडून घेतलं. एकेक मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळायची, सुतळी बांधायची, कडा चिकटपट्टीने बंद करायच्या. नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. "बापाने मध्येच ताडपत्री कधी उचलली नाही," असं अभिमानाने सांगायचा.

माझी आई पाचूबंदरला भावाच्या पडवीत झोपायची. पडवीची भिंत खाडीकडे. उधाणाला पाणी उंबऱ्यापर्यंत यायचं आणि भिंत खालून कमरेइतकी भिजलेली असायची. आईला दमा होता. सातवा आला त्या वर्षी वैशाखात डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, हिला ओलीत ठेवू नका, पावसाळा काढणार नाही. भावाच्या घरात आठ माणसं. भावाने माझ्याकडे बघितलं.

मी आईला एक दिवस आचोळ्याला आणलं. तिने त्या खोलीच्या भिंतीला तळवा लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"कोरडी हाय गो," ती म्हणाली. "दिवा कोनासाठी?"

"मशिनींसाठी."

"जावई मानसं चांगली पालतात." मग कोपऱ्याकडे बोट दाखवून, "मला त्या कोपऱ्यात खाट टाक. तुमच्या खोलीत जावयासमोर मी पाय पसरनार नाय."

कोपऱ्यात टेबल होतं आणि टेबलावर त्याचा सगळ्यात लाडका, तीनशे शहाऐंशी नंबरचा. त्यातला एकही भाग त्याने बदलला नव्हता. "हा कारखान्यातून आला तसाच आहे," पाहुण्यांना सांगायचा. टेबल काढलं की खाट बसत होती.

संध्याकाळी मी त्याला विचारलं. तो नाही म्हणाला नाही. तो कधी नाही म्हणत नसे.

"कालच सगळे बांधले ना. आता सोडले तर ओल शिरेल. आणि माणूस आत झोपला की श्वासाने हवा दमट होते."

"मग?"

"नारळी पौर्णिमेला सोडतो. टेबल हलवतो, खाट मी स्वतः आणतो. अडीच महिन्यांचा तर प्रश्न."

मी ऐकलं. टेबल हलवायला मला एकटीला अर्धा तास लागला असता. तो ऑफिसला गेल्यावर हलवलं असतं तर त्याने आठ दिवस अबोला धरला असता, एवढंच. अबोल्याला मी घाबरत होते असंही नाही. त्याने तारीख दिली होती आणि मला ती पुरेशी वाटली. हे मी त्याच्यावर ढकलत नाही.

आईलाही तारीख पटली. "होड्या पान्यात जातील तवा मी वर येते," ती म्हणाली. मी दर आठवड्याला जायचे. आषाढात ती बसून झोपायला लागली. श्रावणात बोलताना मध्ये थांबायला लागली. एकदा भावजयीसमोर मला म्हणाली, "त्या तुझ्या बांधून ठेवलेल्यांना खोकला झाला का गो?" भावजय तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. घरी येऊन मी त्याला काही सांगितलं नाही.

नारळी पौर्णिमेच्या आठ दिवस आधी आई गेली. पहाटे पडवीतच. तो स्मशानात आला, खांदा दिला, भावाला लागेल ते सगळं केलं. माणूस वाईट नव्हता. तसा असता तर सोपं गेलं असतं.

पौर्णिमेला बंदरावर नारळ सोडले. आईला आठच दिवस झाले होते म्हणून आमच्या घरी काही केलं नाही, पण संध्याकाळी तो खोलीत शिरला आणि सुतळ्या सोडायला लागला. थोड्या वेळाने हाक आली, "अगं, टॉर्च आण."

लाडक्याचं झाकण काढलेलं होतं. आत पट्टीवर बोटाच्या पेराएवढी एक निळी बॅटरी असते, घड्याळ चालू ठेवायला. ती फुटली होती. तिच्यातून हिरवट निळं काहीतरी पाझरलं होतं आणि तांब्याच्या बारीक रेषा खात पार कडेपर्यंत गेलं होतं. बाहेरची ओल, खारी हवा, माझ्या बोंबलांचा धूर, आईचा श्वास, सगळं त्याने बाहेर ठेवलं होतं. ही आत होती. ऑफिसात एकाने त्याला आधीच सांगितलं होतं म्हणे, की जुनी बॅटरी काढून टाक. पण ती मूळची होती, म्हणून त्याने हात लावला नाही. आणि बांधून ठेवलेली, म्हणून अडीच महिने बघितलीही नाही.

त्याने दात घासायचा ब्रश घेतला, व्हिनेगर लावून घासलं. रेषा ब्रशबरोबरच निघून आल्या. मग तो खाली बसला आणि रडला. स्मशानात रडला नव्हता.

बऱ्याच वेळाने त्याने तोंड पुसलं आणि टेबलाकडे बघून म्हणाला, "हा आता गेलाच. काढला तर कोपऱ्यात खाट बसेल."

"कोणासाठी?" मी विचारलं.

तो सुतळ्या गोळा करायला लागला. त्याला खरंच आठवलं नव्हतं की मुद्दाम बोलला, ते मला अजून कळलेलं नाही. मी फळ्यांखालचा दिवा मालवला आणि बाहेर आले.

आईचं तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी मी स्टोव्ह जिन्याखाली नेला नाही. ओट्यावरच बोंबील तळले, त्या खोलीचं दार उघडं ठेवून. धूर आत गेला. तो समोर बसून जेवला, वर बघितलं नाही. त्यानंतर घरात मासे तळायला बंदी राहिली नाही.

खाट काही आली नाही. दिवाळीच्या आधी त्याने कुठूनतरी तसाच दुसरा तीनशे शहाऐंशी आणला आणि त्याच टेबलावर ठेवला. पहिलं काम बॅटरी काढायचं. मी वाटी घेतली आणि टॉर्च धरला. धरायला दुसरं कोणी नव्हतं.