गावाला ऐकू येणारी गाडी

माझे कान कारखान्यात गेले. चिंचवडच्या एका फोर्जिंगच्या कारखान्यात मी हॅमरवर पंधरा वर्षं काढली. लालभडक लोखंड सांडशीनं साच्यात धरायचं, वरून घण पडायचा आणि पायाखालची जमीन हलायची. पहिल्या वर्षी पाळी संपल्यावर तासभर कानात शिट्टी वाजायची आणि थांबायची. पुढे ती माझ्याबरोबर घरापर्यंत यायला लागली. शेवटी शिट्टीच राहिली आणि माणसांचे आवाज पुसट होत गेले.

मी कुणाला सांगितलं नाही. हॅमरवरून काढून झाडलोटीला लावतील ही एक भीती. दुसरी भीती गावाची. घोटावड्यात एकदा ‘बहिरा’ म्हणून नाव पडलं की ते मेल्यावरही सुटत नाही. म्हणून मी ओठांकडे बघून अंदाज करायचो, हसायचो, मान हलवायचो. हळूहळू पारावर बसणं सोडलं. पौर्णिमेला विहारात वंदना असायची, तिथं मात्र जात होतो. सगळ्यांचे ओठ मिटले की मलाही थांबावं लागायचं, पण मी नेहमी एक ओळ मागे असायचो. पुढच्या रांगेतली पोरं वळून बघायची.

घरात आम्ही दोघंच. मुलगी लग्न होऊन भोरकडे गेलेली. बायको बोलायची, मी ‘हं’ म्हणायचो. मग तिचं बोलणं कमी होत गेलं आणि माझं ‘हं’ही. मला वाटायचं, वय झालं की नवरा-बायको असेच गप्प होत असतील.

बाकी सगळा जीव मोटारसायकलीत होता. कारखान्यात हॅमर बसवायला एक इटालियन इंजिनिअर आला होता, त्याची ही गाडी. एका सिलिंडरची, पावणेदोनशे सीसीची, तेव्हाच जुनी झालेली. त्याला मराठी येत नव्हतं, मला त्याची भाषा येत नव्हती. पण गाडी उघडून दोघं समोरासमोर बसलो की बोटांनी सगळं बोलणं व्हायचं. परत जाताना त्यानं कागद माझ्या नावावर करून दिले. साठ सालाच्या पुढची गोष्ट असेल ती. ऐंशीच्या आसपास मी सांगतोय ते घडलं, तोवर गाडी चांगलीच म्हातारी झाली होती.

तिचं सगळं उलटं. किक डाव्या बाजूला, गिअर उजव्या. आपल्याकडच्या मोठ्या मोटारसायकलींचे पाने इंचाचे, हिचे नटबोल्ट मिलिमीटरचे. पुण्यातले मिस्त्री हात लावायला तयार नसायचे, म्हणून सगळं काम घरीच, पडवीत. दर रविवारी पोतं अंथरायचो. प्लग काढून त्याचा रंग बघायचा. काळा असला तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा असला तर कमी, विटेसारखा तांबूस असला की बरोबर. ठिणगीचे पॉइंट साफ करायचे, त्यातली फट पातळ पट्टीनं मोजायची. चेनला तेल.

पूर्वी कार्बोरेटर मी कानानं लावायचो. कान गेल्यावर दातांनी लावायला शिकलो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ दातांत धरायची. ठोके जबड्यातून डोक्यात यायचे. गाडी जागेवर उभी असताना एवढं पुरायचं. शेजारचे बघून हसत असतील. मी त्यांच्याकडे पाठ करून बसायचो.

त्या वर्षी भातकाढणीच्या दिवसांत मी कामावरून घरी येत होतो. वाटेवरच्या चांदे गावाच्या अलीकडे चढ आहे. तिथं जरा जोर दिला आणि मागचं चाक एकदम जाम झालं. गाडी घसरली, मी बांधावरून खाली गेलो. कोपर सोलपटलं, बाकी काही नाही. उठून किक दाबली तर ती हलेना. इंजिन आतून धरलं होतं.

शेतात भात कापणारा एक शेतकरी विळा टाकून धावत आला. तोंडओळखीचा होता. त्यानं मला उभं केलं आणि गाडीकडे बोट करून काहीतरी म्हणाला. मला कळलं नाही. तो जवळ येऊन कानाशी ओरडला, “पंदरा दिस झालं, ठोकत हुती ही. ठण ठण ठण. आमी खाली शेतात असलो तरी कळायचं, तू आलास म्हून.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

तो जरा गोंधळला. “तुजी गाडी,” तो म्हणाला, “तुला म्हाईत असंल असं वाटलं.”

त्यानं त्याची बैलगाडी जोडली. दोघांनी मिळून मोटारसायकल चढवली, पेंढ्यावर आडवी टाकली आणि घोटावड्यापर्यंत आलो. वाटेत मी हिशेब लावत होतो. चांद्यात, नांद्यात, आमच्या आळीत, जिथून जिथून मी रोज जात होतो तिथल्या सगळ्यांनी ते ऐकलं होतं. गाडी चालवताना पावलांना थरथर लागत होती मला, पण तिचं खापर मी खराब रस्त्यावर फोडलं होतं. जागेवर उभ्या गाडीत ते ठोकणं जाणवत नव्हतं, चढावर जोर पडला की बेअरिंग ठोकत असणार. आतला बिघाड साऱ्या मुलखाला माहीत आणि मी तेवढा वर ताठ बसून चाललेला.

बायको दारात उभी होती. गाडी उतरवून शेतकरी गेल्यावर मी तिला विचारलं, “तुला ऐकू येत होतं?”

तिनं होकारार्थी मान हलवली आणि आत गेली. कोपराला लावायला हळद घेऊन आली, लावली, परत आत गेली. चार दिवस आम्ही त्यावर बोललो नाही. मी रजा टाकली आणि इंजिन खाली काढलं. रॉकेलच्या डब्यात एकेक भाग धुतला. मॅग्नेटोचं चाक ओढून काढायला पट्टीला भोकं पाडून घरीच पुलर केला. क्रँक बाहेर आला तेव्हा त्याला पिस्टनशी जोडणारा दांडा हातात नुसता खुळखुळला. खुळखुळला म्हणजे हाताला कळलं.

पाचव्या दिवशी सकाळी ती पडवीत येऊन माझ्यासमोर बसली. अगदी समोर. आणि सावकाश, तोंड मोठं करून बोलली.

“मला समजत हुतं कायतरी बिघडलंय. दोनदा बोलले मी, मागून. तुमी वळला न्हाई. मग वरडून सांगायला पायजे हुतं. पर वरडलं की आळी गोळा हुती. लोक म्हणतात, रोज भांडत्यात. मला लाज वाटायची.”

“किती दिवस झाले, मला ऐकू येत नाही हे तुला कळून?”

तिनं बोटं मोजली. महिन्यांची असतील असं मला वाटलं.

“चार वर्सं,” ती म्हणाली.

मी हातातला दांडा पुसत बसलो. मी चार वर्षं लपवत होतो आणि ती चार वर्षं मला कळलंय हे लपवत होती. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन.

क्रँक पिशवीत घालून मी एस.टी.नं पुण्याला, नाना पेठेत एका लेथवाल्याकडे गेलो. तसलं बेअरिंग मिळण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या गाडीचे रोलर घालून बसवतो, असं त्यानं कागदावर आकृती काढून दाखवलं. ते समजलं. मग तो मशीन चालू करून, माझ्याकडे पाठ करून काही विचारत राहिला आणि मी सवयीनं “हो, हो” म्हणत राहिलो.

आठ दिवसांनी क्रँक घरी आणला तर दांड्याच्या वरच्या टोकातलं बुश, म्हणजे आतलं पितळी कडं, जुनंच होतं, घासून गेलेलं. त्यानं विचारलं असणार, जुनंच ठेवू का, आणि मी हो म्हटलं असणार. त्या माणसाची काही चूक नव्हती.

दुसऱ्यांदा गेलो. रस्ताभर एकच वाक्य मनात घोळवत होतो. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. मी पिशवी फळीवर ठेवली आणि म्हणालो, “मला ऐकू येत नाही. माझ्याकडे बघून बोला.”

घराबाहेर हे मी त्याआधी कुणाला म्हटलं नव्हतं, डॉक्टरलाही नाही. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. लेथवाल्यानं मशीन बंद केलं, चिंधीला हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “आधी सांगायचं की ओ,” एवढंच म्हणाला. बुश त्यानं तिथल्या तिथं करून दिलं. तासभर लागला. तेवढ्या वेळात तीनदा मशीन थांबवून त्यानं मला काही ना काही विचारलं. परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी बसलो. कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा त्यालाही तेच वाक्य सांगितलं. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं.

इंजिन बसवायला दोन रविवार लागले. सगळं घट्ट करून, नवं तेल घालून मी बायकोला बाहेर बोलावलं. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. हाताखाली टाकी थरथरली. मी स्क्रू-ड्रायव्हर दातांत धरला नाही. तिला म्हणालो, “तू ऐक.”

ती पदर सावरून वाकली. आधी इंजिनाशी, मग मागे धुराच्या नळकांड्यापाशी. मी थ्रॉटल वाढवत होतो, कमी करत होतो. तिनं बराच वेळ लावला.

“ठोकतंय का?”

“न्हाई.”

“मग कसं वाजतंय?”

ती अडली. आवाज कसा आहे हे तिला कुणी कधी विचारलं नसावं. “बरं वाजतंय,” ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, “एकसारकं.”

हे खरं की मला बरं वाटावं म्हणून, ते तपासायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि गाडी बंद केली.

ती आत जायला वळली, पण थांबली. परत समोर आली. काहीतरी बरेच दिवस पोटात धरलेलं असावं.

“एक सांगू का,” ती म्हणाली. “तुमी लई जोरात बोलता. आता बी, मगाशी बी. सगळ्या आळीला वाटतं तुमी सारके चिडलेले असता. पोरगी बी तसंच समजती. म्हून ती हितं लवकर येत न्हाई.”

मला हे माहीत नव्हतं. माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता, त्याचं मी कधी मनातच आणलं नव्हतं.

“किती जोरात?” मी विचारलं.

तिनं तळहात खाली दाबून दाखवलं. मी पुन्हा तेच विचारलं, कमी आवाजात. तिनं हात आणखी खाली नेला. असं चार-पाचदा झालं. शेवटी तिनं मान डोलावली आणि मी तो अंदाज घशात धरून ठेवायचा प्रयत्न केला.

त्या महिन्यात मी मुलीला पत्र टाकलं, दिवाळीला चार दिवस आधी ये म्हणून. ती आली. मी तिच्याशी इतकं हळू बोलत होतो की तिला दर वेळी ‘काय म्हणालात?’ असं विचारावं लागत होतं.