काळ्या टेबलावरचा घास

जपानी जेवणाच्या त्या हॉटेलात मी आयुष्यात एकदाच गेलो, आणि आठवण झाली की अजून कानशिलं तापतात.

सातवीतून शाळा सोडून मी सिंदी गावाहून मुंबईला आलेलो. शेठनी मला बनियनच्या कारखान्यात ठेवून घेतलं, विणकामाची यंत्रं उघडून दुरुस्त करायला शिकवली. ते उपकार मी आजही मानतो. पण काम सुटेल ही धाकधूक कायम असायची. शेठ नुसते खोकले तरी वाटायचं, आपलंच काही चुकलं.

पंच्याऐंशीच्या सुमारास एक जपानी यंत्र बंद पडलं आणि ते मी चालू करून दिलं. शेठ खूश. नेमके तेव्हा बाबा गावाहून आले होते. "त्यांनाही आण, आज जपान्यांचंच जेवण जेवू," शेठ म्हणाले.

आरशासारखं काळं टेबल, माणसं सगळी कुजबुजत बोलणारी. शेठपुढे नि माझ्यापुढे थंड भाताचे मुटके आले, वर कच्च्या माशाच्या चकत्या. कच्चा मासा म्हटल्यावर बाबांनी हात जोडले, म्हणून त्यांना काकडी घातलेले मुटके मागवले.

बाबांनी आमच्याकडे करतात तेच केलं. ग्लासातलं पाणी हातावर घेऊन ताटलीभोवती फिरवलं, चिमूटभर भात काढून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले. हा देवाचा घास काढल्याशिवाय ते शेतातसुद्धा कधी जेवले नव्हते.

डोळे उघडले तर घास नव्हता. वेटरनं फडक्यानं पुसून टाकला होता. वर म्हणतो, "बाबाजी, इधर गंदा नहीं करने का."

शेठ हसले. "शेतकरी माणूस. टेबलाला बांध समजला."

बाबांनी हात मागे घेतले. घास मोडला म्हणजे ते जेवण त्यांच्या लेखी मोडलं. "जेवा जी तुमी. माह्यं झालं."

आणि मी? मी खाल्लं. शेठ बघत होते म्हणून तो गार, चिकट भात चावत बसलो. तो देवाचा घास होता, एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.

दिवाळीत घरी गेलो तर बाबा ओसरीवर शेजाऱ्याला सांगत होते, "पोराच्या शेठनं लय मान देल्ला. पोट फुटाले आलतं."

"मंग तू वाळला काऊन बे इतका?" शेजारी म्हणाला, आणि दोघंही हसले.

तो गेल्यावर मी बाबांना धरलं. "खोटं काऊन सांगून राह्यले? त्यानं तुमचा घास पुसला."

"हळू बोल. गावातले दोघं तुह्याच कारखान्यात हायेत. शेठच्या कानावर गेलं तं? तुले तिथंच राहाचं हाये ना."

उपाशी उठवलेला माणूस माझ्या नोकरीसाठी गावभर ढेकर देत फिरत होता. त्या रात्री मला वेटरचा आला नाही इतका माझाच राग आला.

परत गेलो त्या दिवशी शेठनी सहज विचारलं, "काय, वडिलांना आवडलं ना जपानी?"

"ते जेवलेच नाहीत," मी म्हणालो. "त्यांचा देवाचा घास पुसला, आणि तुम्ही हसलात."

शेठ त्या जपानी यंत्राशी जाऊन वाकले. मग म्हणाले, "सुई बदल ह्याची."

मी बदलली. दोन सुया वाया गेल्या, पण काम सुटलं नाही.