काकांचं पान

माझी चूक अशी, की मी काकांचं पान वाढलं.

काका नौदलात होते. पाकिस्तानबरोबरच्या युद्धात त्यांच्या युद्धनौकेवर स्फोट झाला आणि ती बुडाली. मी तेव्हा पाळण्यात होतो. देह मिळाला नाही, म्हणून काकीने कुंकू पुसलं नाही, बांगड्या उतरवल्या नाहीत. ते पोहत कुठल्यातरी किनाऱ्याला लागले असतील, म्हणायची. "खाडी पोहून मला बघायला यायचे. त्यांना पानी काय करनार हाय?"

वडिलांनी तिचं मन राखलं. सर्वपित्रीला ते आजी-आजोबांची पानं वाढत, धाकट्या भावाचं कधीच नाही.

वडील गेले आणि ते काम माझ्याकडे आलं. परसातली केळीची पानं कापताना मी एक जास्त कापलं. काका इतकी वर्षं उपाशी राहिले, असं माझ्या मनाने घेतलं होतं. काकीला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, म्हणूनच विचारलं नाही.

विहिरीच्या कठड्यावर पानं मांडली. वडिलांच्या पानाकडे कावळे फिरकेनात. काकांच्या पानावर मात्र लगेच एक उतरला आणि वडा उचलून माडावर गेला. आमच्याकडे कावळा शिवला, की गेलेल्या माणसाला पान पोचलं असं धरतात.

मागे काकी उभी होती.

"हे कोनाचं पान रे?"

"काकांचं."

ती न्हाणीत गेली. बाहेर आली तेव्हा कपाळ मोकळं होतं आणि उतरवलेल्या बांगड्या ओच्यात होत्या. रोज संध्याकाळी काकांची वाट बघायला बंदरावर जायची, तेही त्या दिवसापासून सुटलं. गाव म्हणालं, बरं झालं, एकदाची समजली. मीही तसंच म्हणत राहिलो.

यंदा सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी ती ओटीवर डाळ निवडत होती.

"उद्या त्यांचं पान मोठं काप. वडं जास्त ठेव, आवडायचे त्यांना."

माझ्याने राहवेना. "काकी, तो नुसता कावळा होता गं. वडा दिसला, उतरला."

तिचा हात सुपात थांबला. मग ती हसली. "आता सांगतोस? तवा सांगायचं न्हाय व्हय?"

मी तिच्या पायाशी बसलो. म्हणालो, "तुला न विचारता मीच काकांना मारलं, काकी. चुकलो. मला माफ कर."